जिप्सीची हत्यारं: एक बिघाड, एक पिशवी

पावसाळ्याआधी माझ्या मारुती जिप्सीतलं सगळं सामान बाहेर काढून नव्याने बांधायला घेतलं होतं. ते काम आता बरंचसं मार्गी लागलंय, म्हणून सविस्तर लिहितोय. या वेळी मांडणीचा पायाच बदलला. साधारणपणे आपण पाने एका डब्यात, स्पेअर पार्ट दुसऱ्यात आणि तार, टेप, ग्रीस तिसऱ्यात ठेवतो. घरी ते छान दिसतं. पण वाघेरा घाटातून हरसूलकडे जाताना आडवाटेला गाडी बंद पडली, वर पाऊस सुरू आहे आणि हात चिखलाने भरलेत, अशा वेळी तीन डबे उपसायचे म्हणजे निम्मं सामान चिखलात जाणार. त्यामुळे आता एका बिघाडाला एक पिशवी. त्या बिघाडाला जे जे लागेल ते त्याच पिशवीत, मग १२ चा पाना तीन पिशव्यांत तीनदा आला तरी चालेल. साधा रिंग पाना काही महाग नसतो आणि वजनालाही फार नसतो.

पिशव्या ताडपत्री शिवणाऱ्याकडून जाड कॅनव्हासच्या शिवून घेतल्या. तोंडाला दोरी आहे, चेन मुद्दाम नाही, कारण मातीने चेन हमखास अडकते. प्रत्येक पिशवीवर ऑइलपेंटने मोठ्या अक्षरात नाव: बेल्ट, होज (रबरी नळ्या), टायर, केबल, पाटे, वायरिंग.

आता खरी मेहनत कुठे गेली ते सांगतो. पिशवीत काय असावं हे यादीवरून ठरवायचं नाही, गाडीवरून ठरवायचं. रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकेक पिशवी घेऊन बसलो आणि ते काम फक्त त्या पिशवीतल्या हत्यारांनी करून पाहिलं. मध्येच बाहेरचं काही हातात घ्यावं लागलं की ते त्या पिशवीत गेलं. शेवटपर्यंत हात न लागलेली वस्तू बाहेर निघाली. एवढा एकच नियम पाळला आणि पेटीचं रूपच पालटलं.

बेल्टची पिशवी उदाहरणादाखल घेऊ. जिप्सीत पाण्याचा पंप आणि आल्टरनेटर एकाच पट्ट्यावर चालतात. तो तुटला की चार्जिंग बंद पडतंच, त्याहून वाईट म्हणजे पाणी फिरायचं थांबतं. डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला आणि तापमानाचा काटाही चढायला लागला तर इंजिन तिथल्या तिथे बंद करायचं, पुढच्या गावापर्यंत रेटायचं नाही. बेल्ट बदलायला आल्टरनेटरचे बोल्ट सैल करायचे, तो इंजिनाकडे ढकलायचा, नवा पट्टा चढवायचा आणि आल्टरनेटर बाहेर ओढून ताण द्यायचा. कागदावर सोपं वाटतं. प्रत्यक्षात एका हाताने ताण धरून दुसऱ्या हाताने बोल्ट आवळावा लागतो, त्यामुळे तरफेला आखूड टॉमी (लोखंडी दांडा) हवीच. खालच्या बोल्टाला पाना लागतो तो अंदाजाने, डोळ्यांनी तिथलं काही दिसत नाही. म्हणून या पिशवीत डोक्याला लावायची बॅटरीही आहे. ताण बघायला मधल्या लांब भागावर अंगठ्याने जोर द्यायचा, साधारण अर्धा ते एक सेंटीमीटर दबला पाहिजे. ही सगळी कसरत एकदा घरच्या सावलीत केली की रानात हात आपोआप चालतात.

दुसरी गोष्ट आमच्या सातपूरच्या मिस्त्री काकांची. ते म्हणाले, “अरे, नवा बेल्ट पिशवीत कशाला ठेवतोस? नवा गाडीला चढव आणि उतरवलेला सोबत घे.” याला मी आता पूर्णपणे मानतो. पाकिटातला पार्ट नंबरने बरोबर असला तरी तुमच्या गाडीला बसतोच असं नाही. कुठे होजचा वाक वेगळा निघतो, कुठे केबल बोटभर आखूड भरते. गाडीवरून उतरवलेला धडधाकट जुना पार्ट बसतो हे सिद्ध झालेलं असतं. बेल्ट, रेडिएटरचे वरचे-खालचे होज, क्लच केबल, ॲक्सिलरेटर केबल हे सगळं असंच बदलून घेतलं. अर्थात तडा गेलेला किंवा फुगलेला होज सोबत घेण्यात अर्थ नाही, चांगल्या अवस्थेतच उतरवायचा.

पान्यांच्या मापांबद्दल नव्या मंडळींसाठी थोडं. जिप्सीचं कूळ सुझुकीचं, म्हणजे जपानी. तिच्यात ८ मिलिमीटरच्या बोल्टाचं डोकं १२ चं असतं आणि ६ च्या बोल्टाचं १० चं. त्यामुळे १०, १२, १४, १७, १९ या पाच मापांत गाडीचं बहुतेक काम उरकतं, व्हीलनटलाही १९ च लागतो. युरोपी पद्धतीत त्याच ८ च्या बोल्टाचं डोकं १३ चं. आमच्या आडवाटांवर भटकणाऱ्या गटात महिंद्रा थारवाले बरेच आहेत (आणि थार तर आपल्या नाशकातच बनते), म्हणून १३ चा एक रिंग पाना आणि एक गोटी (सॉकेट) त्यांच्यासाठी कायम सोबत असते. बाजारातल्या मोठ्या तयार पेटीतल्या कितीतरी गोट्या तुमच्या गाडीला कधी लागतच नाहीत. सुटे, चांगल्या प्रतीचे पाने घ्या. जुन्या विलीस पद्धतीच्या जीपा असतील त्यांनी मात्र इंची पाने विसरू नयेत, ७/१६, १/२, ९/१६ ही मापं मिलिमीटरच्या पान्याने रेटली की बोल्टाच्या कडा गोल झाल्याच समजा.

पाट्यांची पिशवी सगळ्यात जड, आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित. जिप्सीला पुढे-मागे कमानपाटे आहेत. पाट्यांना मधोमध बांधून ठेवणारा सेंटर बोल्ट तुटला की ॲक्सल पाट्यावर पुढे-मागे सरकतो आणि गाडी एका अंगाला ओढायला लागते. पिशवीत दोन सेंटर बोल्ट, यू-बोल्टची (पाटे ॲक्सलला आवळणाऱ्या बोल्टांची) एक जोडी नटांसह आणि पाटे दाबून धरायला एक जी-क्लॅम्प आहे. इथे एक बारकावा पार्किंगमध्येच कळला. यू-बोल्टचे आटे नटाच्या बाहेर बरेच लांब आलेले असतात. साधी आखूड गोटी त्या आट्यांवर टेकून थांबते आणि नटापर्यंत पोचतच नाही. तिथे खोल गोटी हवी, नाहीतर लांब रिंग पाना. शिवाय हे आटे वर्षानुवर्षं चिखल पिऊन गंजलेले असतात, म्हणून निघायच्या आदल्या रात्री तारेच्या ब्रशने साफ करून तेल सोडून ठेवतो. तारेचा ब्रशही त्याच पिशवीत.

टायरच्या बाबतीत आपला मुलूख वेगळा वागवावा लागतो. निफाड-दिंडोरीकडची काळी माती टायरला लेपासारखी चिकटते, पण कापत नाही. त्र्यंबक, वैतरणा, इगतपुरीकडे खाली काळा कातळ आहे. त्याची धारदार कड हवा कमी केलेल्या टायरच्या बगलेत शिरली की उभा काप जातो. तिथे दोरीचं पंक्चर किट निकामी, ते फक्त जमिनीला टेकणाऱ्या भागासाठी. म्हणून पिशवीत योग्य मापाची ट्यूब आहे आणि जुन्या टायरचे हाताच्या तळव्याएवढे कापलेले तुकडे. काप पडला तर आतून तो तुकडा लावायचा, ट्यूब भरायची आणि हळूहळू डांबरी गाठायची. ट्यूब हत्यारांसोबत कधीच ठेवू नका. गाडीच्या हादऱ्यांनी जॅकच्या दांड्यावर घासून ती न वापरताच भोकं पडून जाते. पावडर लावून, सुती कापडात गुंडाळून वेगळी ठेवायची.

चिखलात उतरताना मी हवा १८ पीएसआयच्या आसपास आणतो, त्यामुळे कॉम्प्रेसर लागतोच. तो थेट बॅटरीला चिमट्यांनी जोडायचा घ्या. सिगारेट सॉकेटचा फ्यूज सहसा १० किंवा १५ अँपिअरचा असतो आणि दमदार कॉम्प्रेसर त्याहून बराच जास्त करंट ओढतो. हवा भरताना इंजिन चालू ठेवायचं.

वायरिंगची पिशवी लहानशी आहे. पात्याचे फ्यूज (लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०), दोन रिले, हेडलाइटचा बल्ब, मीटरभर वायर, मल्टिमीटर. इंजिन बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना साधारण १४ दाखवत असेल तर चार्जिंग ठीक आहे, एवढं वाचता आलं तरी निम्मा गोंधळ टळतो.

होजच्या पिशवीत जुने होज, वेगवेगळ्या मापांच्या स्टीलच्या क्लिपा, त्यांच्यासाठी जाड स्क्रू ड्रायव्हर, स्वतःला चिकटणारी सिलिकॉन टेप आणि एम-सील. एम-सील घट्ट व्हायला वेळ लागतो आणि ओल्या, तेलकट जागेवर ते धरत नाही, म्हणून सोबत पॉलिश पेपर आणि कोरडं फडकं. पेट्रोलची टाकी दगडावर घासून पाझरायला लागली तर त्या जागी कपड्याच्या साबणाची वडी घासून भरायची. जुन्या ड्रायव्हरांची ही युक्ती घरी पोचेपर्यंत खरंच साथ देते. म्हणून त्या पिशवीत साबणाची वडी आहे. पाण्याचे पाच लिटर वेगळे. गरम रेडिएटरचं झाकण कोणीही उघडायचं नाही, हा आमच्या गटाचा सक्त नियम.

प्रॉपेलर शाफ्टचा (ॲक्सलकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, म्हणजे त्याचा सांधा, मी सोबत नेत नाही, यावर मतभेद होतील. क्रॉस रानात बदलायचा म्हणजे व्हाइस नाही, सर्क्लिप चिखलात उडणार आणि आतल्या सुया सांडणार. त्यापेक्षा मागच्या शाफ्टचा क्रॉस गेला तर तो अख्खा शाफ्ट फ्लँजपासून (बोल्टांनी जोडलेल्या चकतीपासून) सोडवायचा, पुढच्या चाकांचे हब लॉक करायचे, फोर-हायमध्ये (चारही चाकांच्या वेगवान गिअरमध्ये) टाकायचं आणि फक्त पुढच्या चाकांवर गाडी घरी आणायची. त्यासाठी फ्लँजच्या बोल्टांचे दोन पाने आणि चार जादा बोल्ट पुरतात. शाफ्ट काढण्याआधी फ्लँजवर रंगाने खूण करायची, म्हणजे परत बसवताना तोल बिघडत नाही. काढण्यापूर्वी चाकांना दगड लावायला विसरू नका, कारण उतारावर एकट्या हँडब्रेकवर विसंबून गाडीखाली शिरायचं नसतं.

हे सगळं ठेवलंय पिंपळगावच्या बाजारात टोमॅटो येतात तसल्या प्लास्टिक क्रेटमध्ये. लोखंडी पेटी मजबूत असते, पण स्वतःच जड आणि आत पाणी साचलं की पाने गंजतात. क्रेटच्या जाळीतून पाणी आणि माती खाली निघून जाते, वर नळीने धुताही येतं. क्रेट मागच्या ॲक्सलच्या पुढे, तळाशी, रॅचेट पट्ट्याने चार कोपऱ्यांना आवळलेला. गाडी कलंडली तर सुटा पाना डोक्यात बसायला वेळ लागत नाही, त्यामुळे पट्ट्यात तडजोड नाही. अग्निशामक आणि प्रथमोपचाराची पेटी क्रेटमध्ये नाहीत. पहिलं ड्रायव्हरच्या हाताशी, दुसरी शेजारच्या सीटखाली.

ओढायचं सामान गटात वाटून घेतलंय. ४८ इंची हाय-लिफ्ट जॅक एकटाच तेरा किलोच्या घरात जातो, प्रत्येकाने वागवायची गरज नाही. पण ४.७५ टनी शॅकलची (पट्टा अडकवायच्या लोखंडी कड्यांची) एक जोडी, एक पट्टा आणि जाड हातमोजे प्रत्येक गाडीत हवेतच, कारण अडकलेली गाडी आणि सामानाची गाडी यांच्यात नेमका ओढा येतो.

राहिलेलं काम म्हणजे पुढच्या चाकाचं बेअरिंग. त्याच्या नटाची मोठी गोटी साध्या दुकानात मिळाली नाही. अंबडला एका लेथवाल्याकडे जाड पाइपाचा तुकडा देऊन आलोय, तो नटाच्या मापाने खाचा पाडून देणार आहे. ती आली की बेअरिंग, ऑइल सील, ग्रीसचा डबा आणि लॉकवॉशर यांची सातवी पिशवी बांधायची आणि पार्किंगमध्ये एक चाक पूर्ण उघडून बसवून पाहायचं. कोणी आधी अशी गोटी करून घेतली असेल तर पाइपाची जाडी किती ठेवली ते नक्की सांगा.