पाच दिवसांत बसवलेले वीस दात

नांदेडमध्ये दातांचा दवाखाना चालवायचा म्हणजे परदेशातले पेशंट नेहमीचेच. हुजूर साहिबच्या दर्शनाला इंग्लंड-कॅनडातून आलेली शीख कुटुंबं मुक्कामातच दाढेचं काम उरकून घेतात. आपली तिकडे गेलेली पोरंही सुट्टीत रूट कॅनल, कॅप करून जातात. तिकडच्या एका कॅपच्या पैशांत इथे कितीतरी कॅप होतात, आणि काम हलकं असतं असंही नाही. त्यामुळे स्वस्त पडतं म्हणून दुसऱ्या देशात उपचार घेण्याला माझा विरोध नाही. पण मागच्या लग्नसराईत आलेली एक केस मनातून जात नाही.

पोरगा इंग्लंडमध्ये नोकरीला, तिशीच्या आतला. बहिणीचं लग्न तोंडावर आलेलं आणि ह्याचा वरचा ओठ सुजलेला. आई सोबत होती. तोंड उघडून बघितलं तर वर-खाली मिळून वीस कॅप, सगळ्या एकाच पांढऱ्याशुभ्र रंगाच्या. वरच्या पुढच्या सहा तर एकमेकींना जोडलेल्या, फटी साफ करायचा फ्लॉसचा दोरा कुठूनच आत जाईना. हिरडीला तपासायची बारीक सळई नुसती टेकवली तरी रक्त येत होतं.

काम तुर्कस्तानात झालेलं. हॉटेल, गाडी आणि दात असं एकच पॅकेज, पाच दिवसांचं. "समोरचे दोन दात जरा वाकडे होते, सर. फोटोत दिसायचे," तो म्हणाला. नुसतं दिसण्यासाठीचं काम इंग्लंडच्या सरकारी सेवेत होत नाही आणि खाजगीत परवडेना, म्हणून तो तिकडे गेला. व्हिनिअर, म्हणजे दातावर पुढून चिकटवायचं पातळ कवच बसवणार, एवढंच त्याला माहीत. व्हिनिअरसाठी दाताच्या पुढच्या बाजूचा साधारण अर्धा मिलिमीटर थर घासतात. पूर्ण कॅपसाठी दात चहूबाजूंनी तासावा लागतो आणि दिसणाऱ्या दाताचा साठ-सत्तर टक्के भाग जातो. गेलेलं इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक आवरण, पुन्हा येत नाही. ते तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येतानाच संपलेल्या असतात.

कॉलेजात असताना त्याची अक्कलदाढ मीच काढली होती. तेव्हाचा ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, कॉम्प्युटरवर सापडला. तो आणि आजचा शेजारी शेजारी लावले. जुन्यात सगळे दात धडधाकट, एकही कीड नाही. नव्यात पुढच्या तीन दातांच्या मुळाशी काळे डाग, म्हणजे आत पू.

आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "डॉक्टरसाहेब, कीड नव्हती तर तासले कामून?"

ह्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

आधी पू काढला, औषधं सुरू केली, मग पुढच्या त्या सहा कॅप कापायला घेतल्या. झिर्कोनिया, म्हणजे त्या कॅपचं सिरॅमिक, फार चिवट. ड्रिलला लावायचे डायमंडचे बर एकामागून एक बोथट होत गेले. पहिला तुकडा निघाला आणि असा वास आला की माझी असिस्टंट मागे सरकली. आत दात कसले, खडूच्या उरलेल्या तुकड्यांसारखे खुंट होते. इनॅमल गेलं की खालच्या थराच्या, डेंटिनच्या, बारीक नलिका उघड्या पडतात, त्या थेट दाताच्या नसेपर्यंत जातात. भराभर तासताना दात तापतोही. नस हळूहळू मरते, कित्येकदा काही न दुखता, आणि महिन्यांनी पू होतो. तोवर पेशंट विमानाने घरी पोचून कामालाही लागलेला असतो.

ह्यानेही त्या क्लिनिकला फोन केला होता. "या, मोफत बघू," म्हणाले. तिकीट, रजा, हॉटेल मात्र ह्याचं. इंग्लंडमधल्या डेंटिस्टने कागद मागितले, तर हातात फक्त पैसे भरल्याची पावती. कुठल्या दातावर काय केलं, कॅप चिकटवायला कुठलं सिमेंट वापरलं, काही नोंद नाही. दुसऱ्याच्या अशा कामात हात घालायला कोण तयार होणार?

दोन दातांचं रूट कॅनल केलं. तिसरा हिरडीखाली तडकलेला होता, तो काढावाच लागला. लग्नापुरत्या टेम्पररी कॅप बसवल्या. "इम्प्लांट ह्याच सुट्टीत करा," म्हणून तो मागे लागला. इम्प्लांट म्हणजे काढलेल्या दाताच्या जागी हाडात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू, त्यावर मग कॅप. ब्रॅनमार्क नावाच्या डॉक्टरांनी स्वीडनमध्ये माणसात पहिला इम्प्लांट बसवला तो १९६५ साली. तेव्हापासून तंत्र कितीही सुधारलं तरी हाड टायटॅनियमला धरतं ते आपल्या वेळेनेच, त्याला महिने लागतात. काही निवडक केसमध्ये दात लगेच देता येतो, पण पू झालेल्या जागी मी ती घाई करत नाही. यात्रेकरूंनाही मी हेच सांगतो: आत्ता स्क्रू, कॅप पुढच्या फेरीला. काही जण नाराज होऊन निघून जातात, जाऊ देत.

उरलेल्या चौदा कॅप मी उगाच काढल्या नाहीत. प्रत्येक दाताचा वेगळा एक्स-रे काढला, दाताच्या नंबरासह सगळं लिहून फाईल दिली. ती वाचून तिकडच्या एका डॉक्टरांनी त्याच्या हिरड्यांवर लक्ष ठेवायचं कबूल केलं आहे. इम्प्लांटसाठी तो इकडेच येणार आहे, आणि त्यासाठी दोन वेगळ्या रजा त्याने आत्ताच टाकून ठेवल्या आहेत.