इन्सुलिनची बाटली बारा दिवस पुरली कशी?

चैत्रात ऊसतोडीच्या टोळ्या परतल्या की आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राची ओपीडी एकदम वाढते. बीडच्या डोंगरपट्ट्यातलं निम्मं गाव दिवाळीनंतर कारखान्यावर जातं ते उन्हाळ्यातच घरी येतं. मधल्या काळात चालू असलेले औषधोपचार तिकडच्या जो मिळेल त्या दवाखान्याच्या हवाली.

त्या दिवशी आलेल्या पंचेचाळिशीच्या बाईंच्या पिशवीत तीन ठिकाणचे कागद होते. जाताना आमच्या कार्डावर ३०/७० मिश्र इन्सुलिन (३० टक्के लवकर आणि ७० टक्के सावकाश काम करणारं) सकाळी २६, रात्री १६ युनिट लिहिलं होतं आणि साखर बरी होती. पुढच्या कागदावर ३६ आणि २०, शेवटच्यावर ५० आणि ३०. तरी त्या सकाळची उपाशीपोटीची साखर २७४. प्रत्येक ठिकाणी साखर जास्त दिसली, डोस वाढवला, पुढचा रुग्ण. गर्दीत असंच होतं.

असा कागद बघितला की पहिला संशय एकच येतो: बाई डोस चुकवतात. त्याला आधारही होता. सिस्टरनी विचारलं, "मावशी, एक बाटली किती दिवस जाते?" "बारा दिस जाती की." आता हिशेब बघा. आपल्याकडची नेहमीची बाटली १० मिलीची, एका मिलीत ४० युनिट, म्हणजे एकूण ४०० युनिट. दिवसाला ८० युनिट घेतलं तर पाच दिवसांत संपायला हवी. बारा दिवस पुरते म्हणजे निम्म्याहून कमीच जातंय. पण बाई ठाम होत्या. "एक दिस बी चुकला न्हाई. सकाळी एकदा, रात्री एकदा."

सकाळी एकदा, हे खटकलं. लाल टोपणाची ४० ची सुई, म्हणजे या ४० च्या बाटलीसाठीची सिरिंज, ४० च्या रेघेवर संपते. तिच्यात ५० बसत नाही, दोनदा टोचावं लागतं. सुई दाखवा म्हटल्यावर पिशवीतून नारिंगी टोपण निघालं. ती १०० ची सुई, म्हणजे एका मिलीत १०० युनिट असलेल्या इन्सुलिनसाठीची. कारखान्याजवळच्या मेडिकलमधून 'शुगरची सुई' मागून आणलेली, आणि दुकानात होती ती मिळाली.

१०० च्या सुईवरची ५० ची रेघ म्हणजे अर्धा मिली. ४० च्या बाटलीतला अर्धा मिली म्हणजे २० युनिट. रात्रीच्या ३० रेघा म्हणजे १२. दिवसाचे ३२ युनिट, आणि ४०० भागिले ३२ म्हणजे साडेबारा दिवस. बाई खरंच एकही डोस चुकवत नव्हत्या. तीन कागदांवर आकडा चढत गेला तरी अंगात जाणारं इन्सुलिन जातानाच्या डोसपर्यंतसुद्धा पोचलं नव्हतं.

खरी जोखीम इथून पुढे होती. सुई बदलून दिली आणि कार्डावरचे ५०-३० तसेच ठेवले, तर त्याच दिवशी अडीचपट इन्सुलिन अंगात गेलं असतं. घरी परतल्यावर पहाटे कुणी जेवत नाही. साखर उतरून बाई झोपेतच बेशुद्ध पडल्या असत्या. उलटी चूकही तितकीच घातक: १०० च्या बाटलीतून ४० च्या सुईने '२० रेघा' भरल्या तर ५० युनिट जातात. म्हणून आधी आकडा खाली आणायचा, मग सुई द्यायची. लाल टोपणाच्या सुईने सकाळी २०, रात्री १२, म्हणजे अंगाला सवय आहे तेवढंच. तीन दिवसांनी उपाशीपोटीची साखर बघून दोन-दोन, फार तर चार युनिटांनी वाढ.

उन्हाचाही संशय होताच. ताडपत्रीच्या कोपीत मार्चपासून भट्टी असते. मिश्र इन्सुलिन तळहातांत घोळवल्यावर एकसारखं दुधाळ दिसायला हवं. काचेला कण चिकटले किंवा गुठळ्या तरंगल्या तर फेकून द्यायचं. हे दुधाळ होतं, पण दिसायला ठीक असलेलं इन्सुलिनही उष्णतेनं कमजोर झालेलं असू शकतं, म्हणून नवीन बाटली दिली. घरी फ्रीज नव्हता. मोठ्या मडक्यात छोटं मडकं, मधे ओली वाळू, बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून आत, मडकं सावलीत. उघडलेली बाटली चार आठवडे. बर्फाला टेकवायची नाही, गोठलं की गेलं.

पोटावर बेंबीच्या डाव्या बाजूला दोन टणक गाठी लागल्या. रोज तिथेच टोचत होत्या, कारण तिथं दुखत नाही. गाठीतून इन्सुलिन कधी कमी, कधी एकदम शोषलं जातं. तेव्हा जागा बदलायला सांगितली. १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने (स्पर्श कळतो का ते बघायचा नायलॉनचा तंतू) तळपाय तपासले, जाणीव शाबूत होती. कोयत्याच्या कामात हे मोठंच सुदैव. घाम, थरथर, डोळ्यांपुढं अंधारी आली तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी बरं वाटलं नाही तर पुन्हा, आणि नंतर भाकरी. हे शेजारी बसलेल्या सुनेकडून वदवून घेतलं.

कार्डावर आता नुसते युनिट लिहीत नाही. '४० ची बाटली, लाल टोपण, सकाळी २०' असं लिहितो आणि रिकाम्या सुईच्या पाकिटाचा तुकडा कार्डाला स्टेपल करतो, मेडिकलमध्ये दाखवायला. दिवाळीनंतर टोळ्या उचल घेऊन निघतात तेव्हा बाटल्यांबरोबर सुयाही मोजून द्याव्या लागतात. बाटल्या येतात, सुया बऱ्याचदा संपलेल्या असतात. त्या रुग्णाने बाहेरून आणल्या की रंगाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो, म्हणून मागणीपत्रात बाटल्या आणि सुयांचे आकडे शेजारी-शेजारी लिहायला लागलो आहोत.