कोपर

आज आखाजी, आमच्या खानदेशातली अक्षय्य तृतीया. इथे मेक्सिकोत, सोनोरातल्या सासरी, कुणाला ठाऊक असायचं कारण नाही, मीही सांगितलं नाही. पहाटे पीठ मळायला बसले तेव्हा फक्त मनात म्हटलं, आज आमच्याकडे घागर भरली असेल, झोके बांधले असतील.

"तिला येतच होतं." दुपारपासून हे एकच वाक्य घेऊन बसले आहे.

शेजारीण दोन डझन तोर्तिया, म्हणजे इथल्या गव्हाच्या पातळ पोळ्या, न्यायला आली होती. मी चुलीपाशी. ती उभी राहून बघत होती आणि तोर्तिया माझ्या हातावरून मनगटावर, मनगटावरून कोपरापर्यंत गेली, मग पालथ्या कोमालवर, म्हणजे इथल्या तव्यावर, पडली. न फाटता. तिने विचारलं, हिला कुणी शिकवलं? सासूबाई कपड्यात चवड बांधत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कुणी नाही. आली तेव्हा तिला येतच होतं."

काय येत होतं मला? पहिल्या वर्षी एकही तोर्तिया अखंड उतरली नाही. इथल्या पिठाचा अंदाजच यायचा नाही. आपल्या कणकेपेक्षा पांढरं, चिवट, पाणी जास्त मागणारं. म्हणून तर त्या हिला पाण्याची तोर्तिया म्हणतात. बाजारात सोबाकेरा म्हणतात, सोबाको म्हणजे काख, तिथपर्यंत ताणायची म्हणून. सासूबाईंना ते नाव आवडत नाही. अन्नाला असं नाव देऊ नये, असं त्यांचं म्हणणं, आणि मला ते पटतं. कोमट पाणी, मीठ, मूठभर चरबी. (चरबीचा डबा माझ्या येण्यानंतर गुपचूप बदलला. त्यावर घरात कधी बोलणं झालं नाही. असो.) गोळे करायचे, वरून हात फिरवायचा, ओल्या फडक्याखाली तासभर ठेवायचे. घाई केली की गोळा रुसतो, ताणलेला परत आत येतो. मग थापून पुरीएवढा करायचा आणि या हातावरून त्या हातावर, प्रत्येक वेळी थोडा पुढे, कागदासारखा होईपर्यंत. कोमालवर तो दोन श्वासांत फुगतो. एकदाच उलटायचा. चार घड्या, आणि कपड्यात.

हे सगळं मी या अंगणात शिकले. तीन वर्षं. फाटलेल्या तोर्तिया सासूबाईंनी कधी बाजूला टाकल्या नाहीत, त्या फ्रिहोलेसबरोबर, शिजवलेल्या घेवड्याबरोबर, आमच्याच ताटात आल्या. रोज माझ्या उजवीकडे त्यांचं स्टूल. आणि आज शेजारणीला सांगतात, कुणी नाही.

त्या क्षणी मला एवढंच ऐकू आलं की मी यांची कुणी नाही. दुसरी सून असती तर "मी शिकवलं" म्हणाल्या असत्या. माझ्याबाबतीत तेवढंसुद्धा स्वतःकडे घ्यावंसं वाटलं नाही. हात धुतले आणि मागच्या मेस्किटच्या झाडाखाली जाऊन बसले. मेस्किट म्हणजे आपल्या वेड्या बाभळीची बहीण. तेच काटे, तशाच शेंगा, जळताना धूरही तसाच. ऊनही तसंच, धुळे-जळगावचं. एवढं सगळं सारखं असलं की परकेपणा जास्त लागतो. नवरा येऊन शेजारी बसला, काही विचारलं नाही. त्याची एक ठरलेली गोष्ट आहे, मी गप्प झाले की सांगतो: १९६६ साली भारताने इथून अठरा हजार टन गव्हाचं बियाणं नेलं, सोनोरा ६४ आणि लेर्मा रोहो ६४. इथल्या याकी खोऱ्यात झालेल्या गव्हाच्या संशोधनाचा त्याला अभिमान आहे, ते करणाऱ्या शास्त्रज्ञाचं, नॉर्मन बोरलॉगचं, नाव तो घरातल्या माणसासारखं घेतो. तुमच्याकडे पोळ्या आमच्या गव्हाच्या, म्हणतो. मी म्हणते, तो दाणा लाल होता, आमच्याकडच्या शास्त्रज्ञांनी पिवळसर करून घेतला तेव्हा लोकांनी खाल्ला, शरबती सोनोरा. आज तेही म्हणाले नाही.

कारण तोवर दुसरंच काही डोक्यात सुरू झालं होतं. आली तेव्हा येतच होतं. खरंच येत होतं का?

चौदा वर्षांची असेन. अशीच आखाजी. आई खापरापाशी, आणि मला पहिल्यांदा बोलावलं, ये, कर. पुरण भरलेला गोळा हातावर घेतला, फिरवला, बराच मोठाही झाला, आणि कोपरापाशी फाटला. पुरण खापरावर सांडलं. जळक्या गुळाचा तो वास अजून नाकात आहे. आई म्हणाली, "ऊठ. तू अभ्यासाला बस." एवढंच. त्यानंतर कधी बोलावलं नाही. वहिनी आली, ती शिकली.

आजवर मी हे अभिमानाने सांगत आले, आमच्या आईने मुलीला चुलीपाशी बसू दिलं नाही. इथे सासूबाईंनाही तसंच सांगितलं असणार, पहिल्या वर्षी, मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये. पण हातावर फिरवतात, उलट्या खापरावर टाकतात, हेही सांगितलं होतं. हातांनी करून दाखवलं होतं, रिकाम्या हवेत. त्या तेव्हा टक लावून बघत होत्या. हे आज आठवलं, झाडाखाली.

मग त्या खोटं बोलल्या नाहीत. निदान त्यांच्या लेखी. त्यांनी तो मान माझ्या आईला दिला, जिने मला शिकवलंच नाही. की शिकवलं? एक गोळा. एकच.

संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉल केला. आम्ही साडेबारा तास मागे, तिच्याकडे दुसऱ्या दिवसाची सकाळ, कालची रसाची पातेली घासून पालथी घातलेली मागे दिसत होती. मी फोन खिडकीत टेकवला आणि रात्रीसाठी काढलेल्या गोळ्यांतला एक घेतला. आईने कोमाल बघितला. तो म्हणजे तव्यांच्या नांगराचा जुना तवा, पालथा. म्हणाली, "खापरच आहे की." मग गप्प बसून बघत राहिली. तोर्तिया कोपरापर्यंत आली.

"कोपर खाले पडी राह्यनं तुन्हं," ती म्हणाली. "तवय बी पडे."

तवय बी. म्हणजे तिने तेव्हा पाहिलं होतं. माझं कोपर कुठे होतं ते तिला इतकी वर्षं ठाऊक आहे, आणि तरी म्हणाली ऊठ. का, ते आज विचारणार होते. विचारलं नाही. तिचा आवाज चांगला होता, कैरीचं बोलत होती.

सासूबाईंनी विचारलं, काय म्हणते? मी सांगितलं. त्या हसल्या नाहीत. उठून आल्या आणि रोजच्यासारखी दोन बोटं माझ्या कोपराखाली लावून ते वर केलं, मग फोनकडे वळून स्वतःचं कोपर तसंच धरून दाखवलं. तिकडून आईनेही पदर सावरून आपलं कोपर वर धरलं.

चवडीत अकरा आहेत. उद्याच्या न्याहारीला पुरतील.