घरच्या घरी व्हिलन: उजेड लपवायचा कसा

चमकणारा व्हिलन करायचा म्हटलं की बहुतेक जण आधी एलईडीची पट्टी आणतात, अंगभर गुंडाळतात आणि मग फोटो बघतात तर व्हिलन कुठेच नाही, दुकानाची पाटी चालत आलीय असं दिसतं. मला विचाराल तर ह्या असल्या कॉस्च्युममधे उजेड पाडणं हे अगदी किरकोळ काम आहे, खरी मेहनत लागते ती तो नको तिथून बाहेर पडू नये ह्याला. माणूस घाबरतो अंधाराला, उजेड फक्त अंधार किती आहे ते दाखवायला.

माझ्या व्हिलनचं नाव राखेश्वर. जळून गेलेला राजा, वरून काळाठिक्कर, आतून अजून विझलेला नाही, चिलखताला भेगा पडल्यात आणि त्या भेगांमधून निखारा दिसतो. पात्र आधी ठरवायचा फायदा असा की उजेड कुठे हवा हा प्रश्न तिथेच सुटतो. भेगा, छातीचा मधला भाग, राजदंडाचं टोक आणि डोळे, बास. बाकी सगळं काळं.

चिलखत आणि मुखवटा दोन्ही इव्हीए फोमचे (लहान मुलांच्या खेळायच्या चटया असतात तो हलका, रबरासारखा फोम). छातीला १० मिमी, मुखवट्याला ५ मिमी, बारीक नक्षीला २ मिमी. मुखवट्याचं माप काढायला डोक्याच्या आकाराच्या कशावरही (थर्माकोलचं डोकं मिळतं ते उत्तम) आधी क्लिंग फिल्म, त्यावर मास्किंग टेपचे दोन थर लावायचे, पेनाने मधली रेघ, भुवया, गाल सगळं आखून घ्यायचं आणि मग ती टरफलं कापून सपाट करायची. सपाट होत नसतील तिथे कापायचं, तोच तुमचा जोड. अर्धाच चेहरा आखा आणि उलटा करून दुसरी बाजू काढा, नाहीतर एक गाल सुजलेला व्हिलन तयार होतो. ब्लेड मात्र सारखं बदलत रहा, बोथट ब्लेड फोम कापत नाही, फाडतं.

चिकटवायला चपलेचा तळ चिकटवतात ते पिवळसर सोल्यूशन. दोन्ही बाजूंना लावायचं, पाचदहा मिनिटं थांबायचं, बोटाला चिकटेनासं झालं की मगच जोडायचं आणि जोडताना हात थरथरू द्यायचा नाही कारण एकदा बसलं की बसलं. खिडक्या उघड्या ठेवा, त्याच्या वाफा वाईट असतात, आणि ओल्या सोल्यूशनजवळ हीट गन (गरम हवा फेकणारं यंत्र) तर अजिबात नको.

आता भेगा. फोमवर ब्लेडने अर्ध्या जाडीपर्यंत वेडीवाकडी रेघ मारायची आणि वरून हीट गन फिरवायची. गरम हवा लागली की काप आपोआप उघडतो, कडा किंचित गोल होतात, आणि बघता बघता तापून तडकल्यासारखी खरी भेग तयार. हा क्षण मला अख्ख्या कामात सगळ्यात आवडतो. ज्या भेगांतून उजेड यायचाय त्या मात्र आरपार कापायच्या आणि मागून २ मिमीचा पांढरा फोम लावायचा, तो उजेड छान पसरवतो.

पण एलईडी भेगेच्या बरोब्बर मागे लावलात तर पांढऱ्या फोममधूनही ठिपकेच दिसतात, एक दिवा, मग अंधार, मग एक दिवा. छातीत जागा असते म्हणून पट्टी दीडदोन सेंटीमीटर मागे ठेवता येते, मुखवट्यात एवढी जागा आणायची कुठून. तिथे एलईडीचं तोंडच भेगेकडून वळवायचं. भेगेमागे फोमची छोटी बंद नळी करायची, आतून पांढरा कागद, आणि एलईडीने त्या कागदावर उजेड टाकायचा, भेगेतून दिसतो तो कागदावरून परतलेला उजेड. सलग आणि मऊ. एलईडीचं गोल टोक पॉलिश पेपरने घासून दुधी केलं तर अजून बरं.

रंग म्हणाल तर सगळे लाल घेतात. १९६२ मधे निक होलोन्याक यांनी पहिला डोळ्यांना दिसणारा एलईडी केला तोही लालच होता, झगझगीत निळा यायला १९९० चं दशक उजाडलं (त्याच्यावर २०१४ चं नोबेल मिळालं). पण अंधुक उजेडात आपल्या डोळ्याला लाल रंग मंद आणि काळपट दिसतो, एकोणिसाव्या शतकात यान पुर्किन्ये ह्या शास्त्रज्ञाने हे नोंदवून ठेवलंय. म्हणून मी केशरी जास्त आणि लाल कमी घेते. आणि दिवे मुद्दाम मंद ठेवते, कारण फार तेज असले तर मोबाइलच्या फोटोत रंग उडून नुसता पांढरा डाग येतो.

वायरिंग सोपं आहे. लाल-केशरी एलईडीला साधारण २ व्होल्ट लागतात, तीन पेन्सिल सेल म्हणजे ४.५ व्होल्ट, उरले २.५, करंट २० मिलीअँप, २.५ भागिले ०.०२ म्हणजे १२५ ओहम. त्याच्या वरचा बाजारात सहज मिळणारा १५० ओहमचा रेझिस्टर (करंट आवरणारा छोटा भाग) प्रत्येक एलईडीला स्वतंत्र लावायचा. वायर मऊ आणि अनेक बारीक तारांची घ्या, एकसंध तारेची वायर मान वळवून वळवून आतल्या आत तुटते आणि बाहेरून काही कळत पण नाही. बॅटरी मुखवट्यात ठेवूच नका, कमरेला ठेवा आणि मानेपाशी काढता-घालता येणारा कनेक्टर द्या.

निखारा स्थिर नसतो, तो श्वास घेतो. ज्यांना प्रोग्रॅमिंग नको त्यांनी बॅटरीवरच्या खोट्या मेणबत्त्या फोडाव्यात, आतला एलईडी स्वतःच लुकलुकतो. ज्यांना हवंय त्यांनी छोटा आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) लावावा, पण एक लक्षात घ्या, त्यात दिव्याचा उजेड ० ते २५५ ह्या आकड्यांत सांगतात आणि १२८ म्हणजे डोळ्याला अर्धा उजेड दिसत नाही, त्याहून कितीतरी जास्त दिसतो. आकडा सरळ चढवलात तर दिवा भसकन पेटल्यासारखा वाटतो. खालच्या आकड्यांवर जास्त वेळ रेंगाळायचं, चढ हळू आणि उतार त्याहून हळू.

आणि डोळे. चमकणाऱ्या डोळ्यांतून बघता येत नाही, समोर दिवा असला की आपणच आंधळे. म्हणून चमकणाऱ्या चिरा भुवईखाली वरच्या बाजूला ठेवायच्या आणि आपण बघायचं त्यांच्या खालच्या काळ्या जाळीतून, गालाच्या सावलीत लपलेल्या. बाहेरच्याला वाटतं राजा वर डोळे करून बघतोय. ही जाळी बाहेरून आरपार दिसत नाही ती एकाच कारणाने, आत बाहेरपेक्षा जास्त अंधार असतो. आत एका एलईडीचा उजेड जरी झिरपला तरी जाळीमागे तुमचं नाक, चष्मा, घाम, सगळं लोकांना दिसणार. म्हणून आतली प्रत्येक नळी काळ्या टेपने बंद आणि मुखवटा आतून मॅट काळा. अ‍ॅल्युमिनियमची टेप उजेड छान अडवते पण तिच्यातून वीज जाते, उघड्या जोडाला लागली की शॉर्ट.

रंगकाम मी थोडक्यात उरकते. फोमवर पांढऱ्या फेविकॉलचे तीनचार हात, मग काळा अ‍ॅक्रिलिक. फोम वाकला की हा रंग तडकतो, दुसऱ्या कोणाला ते नको असतं, राखेश्वराला चालतं. शेवटी ब्रश राखाडी रंगात बुडवून कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसायचा आणि फक्त उंच कडांवरून हलकेच फिरवायचा, राख बसल्यासारखी दिसते. भेगांच्या आतल्या कडेला मात्र थोडा केशरी लावा, दिवे बंद असतानाही आत धग आहे असं वाटतं.

घालण्याआधी घरात दिवे मालवून आरशासमोर उभं रहा आणि कोणाला तरी बाजूने, मागून, खालून बघायला सांगा. झिरपा हनुवटीपाशी आणि कानामागे हमखास सापडतो. मुखवट्यात वाफ धरते म्हणून तोंडापाशी जाळीची फट ठेवा, ती सावलीत असली की कोणाच्या लक्षात येत नाही, आणि तिच्यातून लांब स्ट्रॉ आत जाईल एवढी मोठी ठेवा. हातमोजे घालून बाटलीचं झाकण उघडत नाही, तेव्हा सोबत एक माणूस हवाच, पाणी पाजायला आणि पायऱ्या आल्या की हाताला धरून खाली उतरवायला.