टोकियो ते हिरोशिमा, व्हाया शिराकावा-गो

दिवाळीचा फराळ अजून डब्यांत शिल्लक होता, तेव्हाच आम्ही निघालो. मी, पंच्याहत्तरीची आई आणि मुंबई-पुण्याकडची आणखी अठ्ठावीस माणसं. दहा रात्रींची सहल. आधी टोकियो, मग फुजीच्या पायथ्याचं कावागुचिको, डोंगरातलं ताकायामा, तिथून शिराकावा-गो आणि कानाझावा, पुढे क्योटो, नारा, हिरोशिमा आणि शेवटी ओसाका. विमानासकट माणशी चार लाखांच्या आसपास खर्च आला. परत आल्यापासून ओळखीतले सगळे "काय नेऊ, कुठली सहल घेऊ, आईवडिलांना झेपेल का" असं विचारताहेत, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवते.

झेपतं, पण चालायची तयारी हवी. रोज बारा ते पंधरा हजार पावलं झाली. बस देवळाच्या दारात लागत नाही, ती लांब उभी राहते आणि ठरल्या वेळी निघतेच. नऊ म्हणजे आठ पंचावन्नला सगळे जागेवर बसलेले हवेत. पहिल्या दिवशी आमच्यातले चौघं सात मिनिटं उशिरा आले, तर जपानी गाइडने त्यांना एक शब्द न बोलता बसमधल्या बाकीच्यांची कमरेत वाकून माफी मागितली. त्यानंतर शेवटपर्यंत कुणीही उशीर केला नाही. आईला मी दसऱ्याआधीपासून रोज तासभर चालायला लावलं होतं, ते फार कामाला आलं. बूट नवे घेऊ नका आणि नाड्यांचे तर नकोतच. देऊळ, जुनी घरं, ततामीची (गवती चटयांची) खोली, जिथे तिथे ते काढायचे असतात. मोजे धड असू द्या.

सहल निवडताना मी चार कंपन्यांचे कार्यक्रम समोर ठेवले होते. तीन कार्यक्रमांत टोकियो, क्योटो, ओसाका आणि मध्ये फुजीला दुपारची धावती भेट, एवढंच होतं. चौथ्यात डोंगरात दोन मुक्काम होते, म्हणून तो घेतला. या एका गोष्टीसाठी थोडे जास्त पैसे पडले तरी द्या, असं मी अगदी मनापासून सांगेन. शहरं पुन्हा कधी स्वतःची स्वतः पाहता येतील. डोंगरातली गावं पाहायला मात्र गटाची बस आणि माहीतगार माणूस हाताशी असणं फार सोयीचं पडतं, विशेषतः बरोबर वयस्कर माणूस असेल तर.

टोकियोबद्दल थोडक्यात सांगते. असाकुसाच्या सेन्सोजी देवळात गट सकाळी दहाला नेतात, तेव्हा तिथे पाय ठेवायला जागा नसते. हॉटेल जवळ असेल तर सकाळी सातला आपले आपण जा. दारावरच्या प्रचंड लाल कंदिलाखाली उभं राहून वर बघा, त्याच्या बुडाला लाकडात कोरलेला ड्रॅगन आहे. गर्दीत तो दिसतच नाही. अंगणात मोठ्या धूपपात्रात उदबत्त्या जळत असतात आणि लोक दुखऱ्या भागाकडे तो धूर हाताने ओढून घेतात. आईने शेजारच्या आजींचं पाहून दोन्ही गुडघ्यांवर धूर घेतला. त्या आजींनी तिच्याकडे बघून मान डोलावली, हिनेही डोलावली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण दुखणं बहुधा एकच असावं. टोकियोत निशिकासाई भागात भारतीयांची मोठी वस्ती आहे. तो भाग टोकियोच्या ज्या एदोगावा प्रभागात येतो, तिथल्या सभागृहात २०१९ साली योगेंद्र पुराणिक हा आपला मराठी माणूस निवडून आला. आमच्या कार्यक्रमात निशिकासाई नव्हतं, मोकळी संध्याकाळ मिळाली तर जाऊन या.

फुजी ३,७७६ मीटर उंच आहे, पण ढग आले की समोर असूनही दिसत नाही. दुपारी आम्ही पोचलो तेव्हा नुसता पांढरा पडदा होता. गाइड म्हणाला, पहाटे उठा. सहाच्या सुमारास खिडकी उघडली तर तळ्यापलीकडे अख्खा डोंगर, माथ्यावर नवा बर्फ आणि त्यावर गुलाबी ऊन. आठ वाजेपर्यंत पुन्हा ढग. म्हणून फुजी बघायचा तर रात्रीचा मुक्काम तिथेच असलेला कार्यक्रम घ्या.

त्याच हॉटेलात ओन्सेन, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्याचं सामायिक स्नानगृह होतं. बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं, पण आत कपडे चालत नाहीत, त्यामुळे गटातल्या बऱ्याच जणी बिचकल्या. संकोच वाटला तर खोलीतल्या न्हाणीत आंघोळ करा. काही हॉटेलांत कुटुंबापुरती खोली तासाच्या हिशेबाने मिळते, आधी विचारून ठेवा. आम्ही दोघी रात्री उशिरा गेलो तेव्हा तिथे कुणी नव्हतं. आधी बुटक्या स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ अंग धुवायचं, डोक्यावरून पाणी घ्यायचं आणि मगच कुंडात उतरायचं. आई स्टुलावर बसली आणि म्हणाली, "अगं, पाटावर बसून आंघोळ करून किती वर्षं झाली!" नंतर घालायचा युकाता, म्हणजे सुती झगा, डावी बाजू वर ठेवून गुंडाळायचा. उजवी बाजू वर मृतांना गुंडाळताना असते, तेवढं लक्षात ठेवा.

आता शिराकावा-गो. ताकायामाहून बसने तासाभराच्या आत तिथे पोचतो. गाडीतळावरून झुलता पूल ओलांडला की ओगिमाची गाव लागतं. उतरत्या गवती छपरांची मोठाली घरं, मध्ये कापणी झालेली भाताची खाचरं, खळखळणारे पाट. छपरं साठ अंशांइतकी उभी असतात, कारण इथे बर्फ माणसाच्या उंचीहून जास्त पडतो आणि तो घसरून जायला हवा. या बांधणीला 'गाश्शो' म्हणतात. गाश्शो म्हणजे जोडलेले हात, आपला नमस्कार. १९९५ साली गाव जागतिक वारशाच्या यादीत आलं.

एका घरात आत जाता येतं. खाली चुलाणात लाकडं धुमसत होती आणि त्या धुराने वरच्या तुळया काळ्या कुळकुळीत झाल्या होत्या. धुरामुळे गवताला कीड लागत नाही आणि दोरही चिवट राहतात. माळ्यावर चढलो तर छपराचे वासे दोरांनी आणि पिळलेल्या कोवळ्या फांद्यांनी बांधलेले, तिथे खिळा एकही नाही. पूर्वी या माळ्यावर रेशमाचे किडे पाळत. मी एका गाठीला हात लावून पाहिला. मनगटाएवढी जाड फांदी पिळून दोरासारखी वळवली होती आणि वाळून ती लोखंडासारखी टणक झाली होती.

गाइडने सांगितलं, तीस-चाळीस वर्षांनी छपराचं गवत बदलावं लागतं. एका घराच्या माणसांकडून ते होण्यासारखं नसतं, म्हणून सगळं गाव येतं. आज याच्या घरी, पुढे त्याच्या. मजुरी नाही, फक्त जेवण. त्याला ते 'युई' म्हणतात. मी आईला समजावून सांगायला लागले तर तिने मला थांबवलं. "हे इर्जिकच की गं!" तिचं माहेर जावळी खोऱ्यातलं. पावसाच्या तोंडावर घर शाकारायला वाडीतले सगळे कसे यायचे, वर कोण बसायचं, खालून गवताच्या पेंढ्या कोण फेकायचं, तिचे आजोबा पेंढी हातावर कशी पारखून घ्यायचे, हे सगळं तिने मला त्या माळ्यावर उभ्या उभ्या सांगितलं. मी तिच्याबरोबर पन्नास वर्षं राहिले आहे आणि यातलं काहीही मला ठाऊक नव्हतं. गाइडला मी ते इंग्रजीत सांगितलं तेव्हा त्याने ती पेंढी फेकायची रीत आईला पुन्हा करून दाखवायला लावली.

तिथे किमान तीन तास हवेत. आम्हाला दोन मिळाले आणि ते कमी पडले. कंपनीशी बोलताना हे आधीच विचारा. गावात लोक राहतात, तेव्हा कुणाच्या अंगणात शिरू नका, खिडकीतून डोकावू नका. विडीकाडी अजिबात नको, गवताच्या गावाला आगीचं भय किती ते सांगायला नको. कचऱ्याचे डबे नाहीत. खरं तर जपानभर रस्त्यावर डबे फारसे नसतातच, पिशवी जवळ बाळगा आणि कचरा हॉटेलवर घेऊन या.

ताकायामातही सकाळी नदीकाठच्या बाजारात जा. आजूबाजूच्या शेतकरी बायका लोणची, सफरचंदं, लाल सलगम घेऊन बसतात. भात कुटून काठीला थापतात, त्यावर मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा) आणि अक्रोडाचं वाटण लावून निखाऱ्यावर भाजतात, ते गोहेइमोची गरम गरम खा. मॅग्नोलियाच्या सुक्या पानावर मिसो ठेवून शेगडीवर खरपूस करतात, त्याला होबा मिसो म्हणतात. पानाचा तो वास पानगीची आठवण करून देतो.

शाकाहारींनी पुढचं नीट वाचा. 'व्हेजिटेरियन' म्हटलं की समोरच्याला 'मांस नको' एवढंच कळतं. सूप, नूडल्सचं पाणी, भाज्यांचा रस्सा या सगळ्यांच्या मुळाशी दाशी, म्हणजे चवीसाठी उकळून काढलेलं पाणी असतं आणि ते बहुतेक वेळा सुकवलेल्या माशाचं. दुसऱ्या दिवशी दुपारी गटासाठी सांगून ठेवलेल्या 'शाकाहारी' जेवणात तेच निघालं आणि सहा जण नुसता भात खाऊन उठले. तेव्हा "मांस, मासे आणि माशाचं दाशी चालत नाही" असं जपानीत लिहून फोनमध्ये ठेवा आणि दाखवा. क्योटोत देवळांच्या परिसरात शोजिन र्‍योरी मिळतं. ते बौद्ध भिक्षूंचं जेवण, त्यात कांदा-लसूणही नसतो. महाग आहे, पण एकदा जेवाच. रोज रात्री भारतीय हॉटेलात पनीर खायला घालणाऱ्या कंपन्या आहेत. वयस्कर मंडळींना ते बरं वाटतं, पण निदान तीन-चार जेवणं तिथली मागून घ्या.

पोटाला खरा आधार कोपऱ्यावरच्या सेव्हन-इलेव्हन आणि लॉसन या दुकानांचा. भाताची त्रिकोणी ओनिगिरी घ्या, आत आंबट उमेबोशी (खारवलेलं फळ) असलेली. वेष्टनावर एक, दोन, तीन असे आकडे असतात. एक नंबरची पट्टी मधून ओढायची, मग दोन्ही कोपरे. तसं केलं की आतापर्यंत प्लास्टिकने वेगळा ठेवलेला समुद्री शेवाळाचा कागद कुरकुरीत राहून भाताला चिकटतो. तरी लेबल फोनच्या कॅमेऱ्याने वाचून घ्याच. आमच्या सगळ्या खोल्यांत पाणी तापवायची किटली होती, त्यामुळे झटपट उपमा-पोहे चालून जातात. ताजी फळं, मांसाचे पदार्थ नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात. औषधांचंही बघा. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, त्याचं प्रमाण मर्यादेबाहेर असेल तर त्या नेता येत नाहीत, कोडीनवरही निर्बंध आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी आणि महिन्याभरापुरतीच औषधं बरोबर ठेवा.

क्योटोतलं सोनेरी किनकाकुजी देऊळ सगळेच दाखवतात. ते १९५० साली जळालं आणि १९५५ साली पुन्हा उभं राहिलं. मोकळी दुपार मिळाली तेव्हा आम्ही दोघी सांजूसांगेन्दो देवळात गेलो आणि त्या दुपारीसाठी मी कायम कृतज्ञ राहीन. लांबच लांब लाकडी दालनात कान्नोनच्या, म्हणजे अवलोकितेश्वराच्या १,००१ मूर्ती आणि त्यांच्यापुढे अठ्ठावीस रक्षक देवता. त्यांत इंद्र आहे, ब्रह्मा आहे. गरुड आहे, आणि तो चोचीला लावून बासरी वाजवतोय. आई त्याच्यापुढून हलेना. आत फोटो काढू देत नाहीत, डोळे भरून बघून घ्यायचं. नारामध्ये पंधरा मीटर उंचीचा बुद्ध आहे. इ.स. ७५२ मध्ये त्याचं नेत्रोन्मीलन ज्याच्या हातून झालं तो बोधिसेन भारतातून गेलेला भिक्षू होता. त्याच्या कुंचल्याला लांब दोऱ्या बांधून जमलेल्यांनी त्या हातात धरल्या होत्या. हे आमच्या गाइडने सांगितलं नाही, मी वाचून गेले होते. तुम्हीही वाचून जा.

क्योटोहून हिरोशिमाला शिनकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन. १९६४ साली सुरू झालेली ही गाडी, आणि आपल्या मुंबई-अहमदाबाद मार्गासाठी घेतलेलं तंत्रज्ञानही हेच. गाडी स्टेशनात दीड-दोन मिनिटंच थांबते. तीस माणसं आणि बॅगा! आमच्या टूर मॅनेजरने आदल्या रात्री हॉटेलच्या लॉबीत सगळ्यांची तालीम घेतली. दोन दारं, पंधरा-पंधराच्या दोन रांगा, वयस्कर माणसं मध्ये, धडधाकट पुढे आणि मागे. मोठ्या बॅगा क्योटोच्या हॉटेलातूनच ताक्यूबिनने, म्हणजे सामान पोचवणाऱ्या कुरिअरने, थेट ओसाकाला पाठवल्या, त्या दुसऱ्या दिवशी खोलीवर हजर होत्या. एका रात्रीचं सामान पाठीवर. ही सोय कार्यक्रमात नसेल तर स्वतःच्या पैशाने करा. सरकत्या जिन्यावर टोकियोत डावीकडे उभं राहायचं, ओसाकात उजवीकडे.

हिरोशिमाच्या संग्रहालयाला कंपनीने पन्नास मिनिटं दिली होती. हे चुकीचं आहे आणि मी तसं लेखी कळवलं. दोन तास हवेतच, आणि लगेच नंतर जेवण ठेवू नये. सव्वाआठला थांबलेलं घड्याळ आहे. तीन वर्षांच्या मुलाची गंजलेली तीनचाकी सायकल आहे, वडिलांनी ती त्याच्याबरोबर पुरली होती. बाहेर आल्यावर गटात बराच वेळ कुणी बोललं नाही. लहान मुलं बरोबर असतील तर आत काय आहे ते त्यांना आधी सांगा.

हिरोशिमाजवळच्या मियाजिमा बेटावर जायला फेरीबोटीने दहा मिनिटं लागतात. समुद्रातलं ते लाल तोरण, म्हणजे देवळाची लाकडी कमान, भरतीला पाण्यावर तरंगल्यासारखं दिसतं आणि ओहोटीला चालत त्याच्या बुडाशी जाता येतं. दोन्ही बघायचं तर तारीख ठरली की त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा पाहून टूर मॅनेजरला कळवा, थोडं पुढेमागे करता येतं. आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती. चिखलात बेताबेताने पाय टाकत आई खांबापर्यंत गेली. मुख्य खांब कापराच्या झाडांचे, जमिनीत न पुरता नुसत्या वजनावर उभे. खालच्या भागावर शिंपले चिकटलेले होते. तिने त्यावर हात ठेवला आणि मला म्हणाली, "बूट खराब झाले बघ, हॉटेलात न्यायच्या आधी धुवायला लागतील."