आज दिवसभर झेपेलिन

घरात कुणी नव्हतं, म्हणून आज लेड झेपेलिन हा ब्रिटिश रॉक बँड, तोही फुल्ल आवाजात! चौथा अल्बम (१९७१) कितीही वाजवा, शेवटच्या गाण्यात बॉनमचे ड्रम अंगावर येतातच. हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात ड्रम खाली ठेवले आणि माइक वर जिन्यात टांगले. ती घुमारी त्या जिन्याची.

तरी माझं मत १९७५च्या 'फिजिकल ग्राफिटी'लाच. डबल अल्बम, जरा पसरट आहे, मान्य. पण 'काश्मीर' सुरू झालं की तक्रार कोण करतंय? (सुचलं मात्र मोरोक्कोत!)

आणि १९७२मध्ये बँडचा गिटारिस्ट पेज आणि गायक प्लांट आपल्या मुंबईत इथल्या वादकांना घेऊन 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' रेकॉर्ड करून गेले होते. ते अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडलं. तबल्यावरचं 'फ्रेंड्स' मला तर मूळ गाण्यापेक्षा भारी वाटतं. भांडा खुशाल.