लेझर प्रिंटरचा सप्लाय: टिकटिक थांबली, आता लॅच
दुरुस्तीला घेतलेल्या लेझर प्रिंटरच्या 24 व्होल्टच्या पॉवर सप्लायची, मागच्या नोंदीतली टिकटिक (सुरू होऊन लगेच बंद पडण्याचे चक्र) अखेर थांबली आहे. सप्लाय चालवणाऱ्या यूसी3842 या चिपला सुरू होण्यासाठी सुमारे 16 व्होल्ट लागतात आणि व्होल्टेज 10 च्या खाली गेले की ती बंद पडते. व्हीसीसीवरचा, म्हणजे चिपच्या वीजपुरवठ्याच्या पायावरचा, 47 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सुकल्यामुळे ट्रान्सफॉर्मरच्या सहायक वाइंडिंगकडून चिपला पुरवठा सुरू होईपर्यंत हे व्होल्टेज टिकतच नव्हते. 105 अंश तापमानापर्यंत चालणारा नवा कपॅसिटर बसवला आणि मीटरवर आउटपुटचा 24.1 व्होल्ट हा आकडा स्थिर राहिला, तेव्हा मनापासून आनंद झाला.

मात्र प्रिंटरमध्ये बसवल्यावर काही पाने छापून होतात आणि सप्लाय पूर्ण बंद पडतो. प्लग काढून थोडा वेळ थांबल्याशिवाय तो पुन्हा सुरू होत नाही. या बोर्डावर ओव्हरलोड झाला, तर सप्लाय बंद पडून स्वतःच पुन्हा प्रयत्न करतो, म्हणून असे बंदच राहणे हे लॅचचे, म्हणजे एकदा लागले की सप्लाय बंदच धरून ठेवणाऱ्या संरक्षक सर्किटचे, लक्षण आहे. इथे दोन ट्रान्झिस्टरांची जोडी व्हीसीसी खाली ओढून धरते आणि मोठ्या कपॅसिटरमधले सुमारे 325 व्होल्ट उतरेपर्यंत स्टार्टअप रेझिस्टरमधून येणाऱ्या करंटवर टिकून राहते. तिला चालना देणाऱ्या दुसऱ्या ऑप्टोकपलरच्या (प्रकाशाने सिग्नल पोचवणाऱ्या भागाच्या) एलईडीशी 27 व्होल्टचा झेनर, म्हणजे तेवढ्या व्होल्टेजनंतरच करंट जाऊ देणारा डायोड, सिरीजमध्ये आहे. म्हणजे सप्लायच्या मते आउटपुट व्होल्टेज वाढले आहे. प्रत्यक्षात मीटरच्या कमाल नोंदीत ते 24.3 च्या वर गेलेले नाही.

हा झेनर आउटपुट डायोडच्या हीटसिंकला जवळजवळ चिकटून आहे. तो काढून 10 किलोओहमच्या रेझिस्टरमधून त्याला 24 व्होल्ट दिले. थंड असताना रेझिस्टरवर नावापुरतेही व्होल्टेज नव्हते. हॉट एअर जवळ नेताच ते चढू लागले आणि झेनर निवल्यावर उतरले. म्हणजे 27 व्होल्टच्या आतच करंट झिरपणे (लीकेज) फक्त गरम झाल्यावरच होते आणि त्यानेच लॅचला खोटी चालना मिळते.

अशा वेळी झेनर काढूनच टाका, असा सल्ला कुणी दिला तरी तो मला अजिबात मान्य नाही. आउटपुट व्होल्टेजवर लक्ष ठेवणाऱ्या टीएल431 या आयसीकडून येणारा फीडबॅकचा ऑप्टोकपलर उघडा पडला, तर आउटपुटला धरबंध राहणार नाही आणि मोटर, लेझर ड्रायव्हर सगळेच जाईल. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात झेनर घेताना डब्यातले सुटे नग टाळून पट्टीवरचेच घ्यावेत. दोन-चार रुपये वाचवण्यात अर्थ नाही.

नवा झेनर त्याच जागी बसवायचा बेत होता, पण हे लिहिताना वाटते की तो लांब पायांवर, स्लीव्ह घालून, सोल्डरच्या बाजूला हीटसिंकपासून दूर न्यावा. चाचणीसाठीही आता आउटपुटवर लोड म्हणून रेझिस्टरऐवजी ट्रकचे 24 व्होल्ट, 21 वॅटचे ब्रेक-दिवे लावीन, कारण थंड फिलामेंट सुरुवातीला कितीतरी पट करंट ओढते आणि त्यामुळे मोटर सुरू होतानाचा ताणही तपासता येईल. चिपच्या करंट सेन्सच्या (करंट मोजण्याच्या) पायावरचे व्होल्टेज 1 व्होल्टच्या मर्यादेपर्यंत जाते का, हे ऑसिलोस्कोपवर पाहायचे आहे. पण मेन्सशी थेट जोडलेल्या प्रायमरी बाजूला प्रोब लावायचा तर आधी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवा, म्हणून तेवढे काम तो मिळेपर्यंत थांबेल.